आप्पांच्या ओळखीचा नसलेला दगड

आप्पा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी हात बघायचे. सांगलीत सराफी पेढ्यांच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन पायऱ्या, एक लाकडी फळी, उत्तरेकडची एक खिडकी आणि खिडकीशी पाठ वाकवून बसलेले आप्पा. ते सोनं विकत नसत आणि दागिने घडवतही नसत. दुसऱ्याने घडवलेल्या दागिन्यात खडे बसवायचे, एवढंच त्यांचं काम.

मी साताऱ्यात एका कॉलेजची ग्रंथपाल आहे. माहेर सांगलीचं, आप्पांच्या बोळाला लागूनच. लहानपणी आई नथ घेऊन त्यांच्याकडे जायची तेव्हा मी पायरीवर पुस्तक वाचत बसायची. ‘वाचणारी पोर’ अशी त्यांच्या लेखी माझी ओळख होती, आणि माझे केस पिकायला लागले तरी ती तशीच राहिली. आज हे लिहायला बसले आहे त्याला कारण एका पुस्तकातलं एक पान आहे. ते वाचून नऊ दिवस झाले. 

खड्याच्या कोंदणाला आप्पा ‘घर’ म्हणत. घर दोन तऱ्हेचं. उघड्या घरात खडा सोन्याच्या चार नखांवर उभा असतो, चारी बाजूंनी उजेड घेतो, फार सुंदर दिसतो. बंद घरात तो सोन्याच्या वाटीत गळ्यापर्यंत बसतो, कमी चमकतो, पण सुरक्षित राहतो. कुणाला कुठलं घर हे आप्पा गिऱ्हाइकाच्या हातांवरून ठरवत. एकदा एक नवरीमुलगी आईबरोबर आली होती, मोबाइलमध्ये उघड्या घराच्या अंगठीचा फोटो घेऊन. आप्पांनी तिला विचारलं, भाकरी करतेस का. ती हसली, म्हणाली पोळ्या करते.

“मग कणिक मळून दाखव.”

“इथं?”

“हितंच. हवेत मळ.”

तिने लाजत लाजत हवेत कणिक मळली. आप्पांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, “तू बोटाच्या मुळानं मळतीस. नखात कणिक अडकायची, वरीसभरानं नख उचलायचं, आन् दगड चपातीत जायचा. न्हवरा खाईल. मग माझ्याकडं येऊ नगंस, डाक्टरकडं जा.”

बंद घरच झालं. मिरजेच्या दवाखान्यातली एक नर्स मोती घेऊन आली होती, तिला तर त्यांनी अंगठी करूच दिली नाही. दिवसभर औषधाच्या पाण्यात हात असलेल्या बाईच्या बोटात मोती आंधळा होतो, तो गळ्यात घाल, म्हणून परत पाठवलं.

उजव्या हाताने ते कुठलंही जड काम करत नसत. चहाची बशी डाव्या हातात. माधवनगरहून सायकलवर यायचे, तेव्हा हँडलला डावा हात घट्ट असायचा आणि उजवा नुसता वर टेकलेला. बाजाराची पिशवी, पाण्याची बादली, दुकानाचं कुलूप, सगळं डाव्याने. कुणी हसलं की म्हणत, “ह्यो डावा माझा. उजवा लोकांचा हाय. लोकांची वस्तू जपून वापरावी.”

त्यांची आणखी एक रीत होती, आणि तीच पुढे त्यांच्या उपयोगी पडली नाही. खडा हातात आला की तो कागदाच्या पुडीत जायच्या आधी आप्पा त्याला भिंगाखाली धरत आणि आतली खोट शोधत. प्रत्येक खड्यात काहीतरी असतंच, एखादं पीस, धुरकट ठिपका, केसासारखी रेघ. ती सापडली की ते भिंग गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि त्यालाही शोधायला लावत. मग पुडीवर शिसपेन्सिलीने खड्याचं छोटं चित्र काढून त्यात ती खूण दाखवत आणि खाली वजन लिहीत. “ही खूण ध्यानात ठेवा. परत न्हेताना हीच बघून न्ह्या.” खडा बदलला असा संशय या धंद्यात फार पटकन येतो. आप्पा आपल्या इमानाचा पुरावा दगडाच्या खोटीत ठेवत होते.

अकरा-बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा, वंदनाचा, नवरा प्रकाश अफगाणिस्तानात रस्ते बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने काबूलच्या बाजारातून घेतलेला एक खडा तिला दिला. करंगळीच्या नखाएवढा, फिकट जांभळ्यात जाणारा गुलाबी. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा स्वच्छ. दुकानदाराने सांगितलेलं नाव प्रकाशच्या लक्षात राहिलं नव्हतं. आम्ही तिघं तो घेऊन आप्पांकडे गेलो.

आप्पांनी तो बराच वेळ पाहिला. मग चिमट्यात धरून खिडकीसमोर हळूहळू फिरवला आणि आम्हाला जवळ बोलावलं. समोरून गुलाबी असलेला खडा आडवा केला की जवळजवळ पाण्यासारखा दिसत होता. पुन्हा फिरवला, पुन्हा गुलाबी.

“ह्यो माझ्या वळखीचा न्हाई,” ते म्हणाले. “नऊ रत्नं वळखतो, त्यांची चुलतमावस भावंडं वळखतो. ह्यो परमुलखातला पावना हाय.” नखाने कडेला हलकेच चाचपून पुढे म्हणाले, “आन् ह्याला आतनं पदर हायत. चुकीच्या अंगानं दाबला तर लाकडावानी सरळ दोन हुतील.”

मग खूण शोधायला बसले. सापडेना. भिंग प्रकाशला दिलं, वंदनाला दिलं, मला दिलं. मी पुस्तकं वाचणारी, बारीक अक्षराची सवय असलेली. मलाही काही दिसलं नाही. आप्पा पहिल्यांदाच अस्वस्थ झालेले दिसले. “यवडा निर्मळ दगड बरा न्हवं. वळखायचा कशावरनं?” त्यांनी पुडीवर चित्र काढलं तो नुसता रिकामा लंबगोल.

वंदनाला उघडं घर हवं होतं. कोरेगावला तिच्या सासरी रोज आठ माणसांच्या भाकऱ्या थापाव्या लागतात हे आप्पांना ठाऊक होतं. त्यांनी ऐकलं नाही. बंद घर केलं. एरवी तासाभराचं काम, त्याला चार दिवस लावले. अंगठी तयार झाली तोवर प्रकाश परत गेला होता. मी आणि वंदना ती आणायला गेलो. ती गुलाबी होती. आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिली.

पुढे काबूलमधल्या गडबडीच्या बातम्या यायला लागल्या आणि एकदा प्रकाशचा फोन चार दिवस लागला नाही. वंदनाच्या सासूबाईंनी त्या चार दिवसांत नवस बोलला. प्रकाश उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेपर्यंत अंगठी सुनेच्या बोटात जाणार नाही, सून तिच्याकडे बघणारही नाही. ती तुळशीपुढे पितळी वाटीत, रोज उगवतीपासून मावळतीपर्यंत सूर्यनारायणाच्या नजरेखाली राहील. फोन लागला, पण नवस सुटायचा तो त्याच्या येण्यानेच. होळीपासून जूनपर्यंत अंगठी उन्हात होती. सासूबाई सकाळी ठेवायच्या, दिवेलागणीला देवघरात न्यायच्या. एक दिवस चुकवला नाही.

प्रकाश आला. ओवाळणं झालं. सासूबाईंनी वाटी पुढे केली, त्याने अंगठी उचलली आणि विचारलं, “हा कुठला दगड?”

खडा पांढरा होता. पांढरा म्हणजे पाण्यासारखा, काही रंगच नाही असा. रोज हाताळणाऱ्या म्हाताऱ्या डोळ्यांना तो रोज कालच्यासारखाच दिसत होता. वंदनाला तो बघायचीसुद्धा मनाई होती. वंदनाने मला फोन केला. मी विचारत होते, प्रकाश बरा आहे ना, आणि ती नुसती म्हणत होती, ताई, खडा.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंसह आम्ही चौघं आप्पांच्या पायऱ्या चढलो. वाटेत प्रकाशने कुणा ओळखीच्या सराफाला विचारलं होतं, आणि सराफाने जे सांगितलं ते ऐकून आम्हाला सगळं उलगडल्यासारखं झालं. फिक्या खड्याखाली बंद घरात रंगीत चकचकीत पत्रा घालतात, त्याला डांक म्हणतात. वरून खडा रंगीत दिसतो. पाणी गेलं की डांक खराब होते आणि खडा उघडा पडतो. डांक घालायची तर घर बंदच लागतं. वंदनाने उघडं मागितलेलं असताना आप्पांनी हट्टाने बंद केलं, हे मग प्रत्येकाला आठवलं. मलाही.

सासूबाईंनी अंगठी फळीवर ठेवली. “आवं, माझा ल्योक जिवावर उदार हून तिकडं ऱ्हायला. त्यानं आणलेला दगूड तुमी बदलला व्हय?”

आप्पांनी अंगठी गरम लाख लावलेल्या काठीवर घट्ट बसवली, आमच्यासमोर घर उघडलं आणि खडा बाहेर काढला. खाली पत्रा नव्हता, कुठला रंगही नव्हता. स्वच्छ सोनं होतं. त्यांनी डब्यातून पुडी शोधली, खडा काट्यावर ठेवला. वजन तंतोतंत जुळलं. प्रकाश म्हणाला, त्या वजनाची काच कापून घेता येते. मग आप्पांनी भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीशी इतका वेळ बसले की बोळातली दोन-तीन माणसं पायरीशी येऊन उभी राहिली.

“दगड त्योच हाय,” ते म्हणाले.

“खूण दाखवा,” प्रकाश म्हणाला.

आप्पांनी रिकाम्या लंबगोलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. भिंग तेव्हा मीही लावलं होतं, खूण पहिल्यापासूनच नव्हती हे मला माहीत होतं. मी तेवढं जरी बोलले असते. मी म्हणाले, “आप्पा, काय असेल ते खरं सांगा.”

एवढंच मी बोलले. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले, जसे लोकांच्या हातांकडे बघायचे तसे. मग म्हणाले, “मग माझ्याच हातनं झालं असंल. लाखेची धग लागली असंल त्याला. माझ्या वळखीचा न्हवता, तरी म्या घेतला.”

पायरीवरच्या माणसांनी यातलं ‘माझ्याच हातनं झालं’ एवढंच उचललं. दुपारपर्यंत ते सगळ्या पेढ्यांवर पोचलं. पेढीवाल्यांनी उघडपणे काही म्हटलं नाही. फक्त खडे येणं कमी झालं. आणि जे आले ते आप्पांनीच परत पाठवले. पुढे ते नुसत्या कड्या आणि तुटलेल्या साखळ्या जोडत बसायचे. मी माहेरी गेले की दुसऱ्या बोळाने जायची.

गेल्या महिन्यात आप्पा वारले. आईने फोनवर सांगितलं. परीक्षेचे दिवस होते. मी गेले नाही.

आता ते पान. एम.एस्सी.ची एक मुलगी लिथियमवर प्रकल्प करते आहे. तिला भूगर्भशास्त्राच्या विभागातलं खनिजांचं एक जाडजूड पुस्तक हवं होतं, काही पानांच्या झेरॉक्स काढून हव्या होत्या. पुस्तक जुनं, फारसं कुणी न मागितलेलं. त्याच्या पाठीवरचा क्रमांक माझ्या अक्षरात आहे. मी यंत्रावर पान पालथं घालत होते आणि चित्र दिसलं. गुलाबी, फिकट जांभळ्यात जाणारा, स्वच्छ.

स्पॉड्युमीन नावाचं खनिज. लिथियम, ॲल्युमिनियम आणि वाळूतलं सिलिकॉन यांचं बनलेलं. ते भट्टीत भाजलं की फुगतं, भुसभुशीत होतं आणि त्यातून लिथियम काढता येतं. ते मोबाइलच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्यांत जातं, विस्तवावर न तडकणाऱ्या काचेत जातं, मनाच्या आजारावरच्या गोळ्यांतही जातं. त्याचा गुलाबी प्रकार म्हणजे कुंझाइट. अफगाणिस्तानात सापडतो. बहुधा अगदी निर्मळ असतो. एका दिशेने गुलाबी आणि दुसऱ्या दिशेने जवळपास बिनरंगी दिसतो. दोन सरळ पातळ्यांवर सहज दुभंगतो, म्हणून पैलू पाडणारे आणि खडे बसवणारे त्याला भितात. आणि मग एक वाक्य: तीव्र उन्हात फार काळ राहिल्यास याचा रंग उडतो.

यंत्राचा उजेड पानाखालून सरकत गेला. ती मुलगी विचारत होती, मॅडम, काय झालं? 

त्यातलं एक वाक्य सोडून बाकी सगळं आप्पांनी चिमट्याने आणि नखाने ओळखलं होतं. ते एक वाक्य माझ्या कपाटात होतं. बारा वर्षं होतं, मी रोज त्याच्यासमोरून जात होते. आप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मला शोधायची बुद्धी झाली नाही, कारण मला उत्तर आधीच मिळालेलं होतं.

वंदनाला फोन केला. ती ऐकत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “आईंना नको सांगूस ताई. त्यांना वाटतं त्या उन्हानं प्रकाश परत आला.” मी हो म्हटलं. ते हो मला पाळता येणार नाही, हे मी लिहिते आहे त्यावरून दिसतंच.

झेरॉक्सच्या दहा प्रती घेऊन मी सांगलीला गेले. बोळातल्या आणि पुढच्या पेढ्यांवर एकेक द्यायची असं ठरवलं होतं. पहिल्याच पेढीवर तरणा मालक बसला होता. त्याने कागद वाचला, चित्राचं कौतुक केलं, आणि विचारलं, “कोण आप्पा?”

दुसऱ्या पेढीवर मी गेले नाही. रिक्षा करून माधवनगरला गेले.

काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोने, मला ओळखलं. “वाचणारी पोर न्हवं तू?” म्हणाल्या आणि पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांना ते कितपत कळलं, मला सांगता येत नाही. त्या उठल्या आणि आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, हे कुणाला द्यायचं ते कळत न्हवतं.

डब्यात पुड्या होत्या. वर आमची: रिकामा लंबगोल, वजन, आणि खाली ‘आडवा धरला तर पाणी’. तिच्याखाली दुसऱ्या पुड्या, कित्येक. प्रत्येकीत गुलाबी किंवा जांभळ्या दगडाचा एखादा स्वस्त तुकडा, आणि वर त्याच शिसपेन्सिलीने: लाखेत अर्धा तास, रंग तसाच. लाखेत एक तास, रंग तसाच. दिव्यावर धरला, तसाच. साबणाचं पाणी, तसाच. लिंबू, तसाच. तुळशीचं पाणी, तसाच.

“रोज काय तरी करत बसायचं,” काकू म्हणाल्या. “माज्या हातनं कसा गेला त्यवढं कळाय पायजे, म्हणायचं. ह्या मागच्या खोलीत बसायचं. हितं डोळ्याला बरं वाटतंय म्हणायचं.”

मी मागची खोली पाहिली. तिला खिडकी नव्हती.

शेवटचं मी आप्पांना पाहिलं ते गेल्या दिवाळीच्या आधी, मिरजेत. आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. बाकावर काळा चष्मा लावून एक म्हातारा बसलेला, त्याने आईच्या आवाजावरून आम्हाला ओळखलं. मोतीबिंदू काढला होता. आनंदात होते. म्हणाले, सगळं धुतल्यासारखं दिसतंय, निळा रंग असा असतो हे इसरूनच गेलो हुतो. मग मला म्हणाले, “पोरी, ती अंगठी हाय का अजून? एकदा आणशील? नव्या डोळ्यानं बघतो. काय तर ऱ्हायलं असंल माझं बघायचं.”

मी म्हटलं, दिवाळीत कोरेगावला जाईन तेव्हा आणते. दिवाळीत मी कोरेगावला गेले. अंगठी वंदनाच्या कपाटात होती. मी मागितली नाही.

आमचा नंबर आला तसे ते उठले. बाहेरच्या दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. बाहेर दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं. आप्पा उंबऱ्यावर थबकले, चष्मा नीट केला आणि हसून म्हणाले, “डाक्टरनं लय बजावलंय बघ. उनात जाऊ नगा म्हणतोय.”

मग भिंतीच्या कडेने, सावलीच्या अरुंद पट्टीतून, ते सावकाश निघाले. हातात औषधांची आणि भाजीची भरलेली पिशवी होती. ती त्यांनी उजव्या हातात धरली होती.